वैद्य, हकीम, डॉक्टर : शब्दाच्या पोटात काय दडलंय?

 

आज आपण एका शब्दाबद्दल बोलणार आहोत. घरात कुणाला ताप आला, पोराच्या पोटात कळ उठली, सुनेचे दिवस भरत आले, की हा शब्द आपल्या तोंडी येतोच. तो शब्द म्हणजे डॉक्टर. आपल्याकडे कुणी 'डाक्टर' म्हणतं, कुणी 'डाक्टरसायेब' म्हणतं. आपल्या आजीच्या तोंडी 'वैद्य' होता, तर शेजारच्या चाचीच्या तोंडी 'हकीम'. माणूस एकच, जो आपल्याला बरं करतो तो. नावं मात्र तीन, आणि ती तीन वेगवेगळ्या भाषांतून आपल्या वऱ्हाडात आलेली.

हे शब्द कुठून आले, त्यांचा मुळातला अर्थ काय, हे आम्ही शोधायला बसलो. म्हटलं, चला, गंमत म्हणून बघू. पण जसजसं खोदत गेलो तसतशी ती नुसती गंमत राहिली नाही. दवाखान्यात गेल्यावर आपण तोंड उघडायचं की नाही, या प्रश्नाचं उत्तरच या शब्दांच्या पोटात सापडलं. म्हणून आजचं बोलणं जरा सावकाशीनं ऐका.

वैद्य : जाणणारा

सगळ्यात जुन्या शब्दापासून सुरुवात करू. 'वैद्य' हा शब्द संस्कृतातला. शब्दाच्या मुळाला व्याकरणात धातू म्हणतात. 'वैद्य'चा धातू आहे 'विद्', म्हणजे जाणणे. याच मुळातून विद्या आली, विद्यार्थी आला, विद्वान आला. ज्याच्याकडे विद्या आहे तो वैद्य. झोळीत जडीबुटी घेऊन गावोगाव फिरणारे वैदू आपण पाहिलेत. त्यांचं नावही याच घरातलं.

आता या घरातली आणखी एक लेक पाहा. तिचं नाव वेदना. होय, आपण दुखण्याला वेदना म्हणतो, तो शब्दही याच 'विद्'पासून आलेला आहे. वेदना म्हणजे मुळात जाणीव, जी आपल्या आपल्याला कळते ती. बुद्धाच्या शिकवणीतही 'वेदना' हा शब्द नुसत्या दुःखासाठी येत नाही. सुखाची, दुःखाची, दोन्हीही नसलेली, अशी कुठलीही जाणीव म्हणजे वेदना.

म्हणजे वैद्य आणि वेदना ही एकाच मुळाची दोन पोरं झाली. वैद्याला शास्त्र माहीत असतं. वेदना ज्याला होते त्याला आपलं शरीर माहीत असतं. दुखतंय कुठं, कधीपासून, किती, रात्री जास्त की सकाळी, पाळीच्या आधी की नंतर, हे आपल्याशिवाय कुणाला कळणार? एकाची जाण पुस्तकातली आणि हाताखालची, दुसऱ्याची जाण अंगातली. दोन्ही एकमेकींना भेटल्या तरच इलाज नीट होतो.

जुन्या काळातल्या एका वैद्याची गोष्ट बौद्ध ग्रंथांत आहे. त्याचं नाव जीवक. बुद्धाचा आणि भिक्षूंचा तो वैद्य. तक्षशिलेला तो सात वर्षं शिकला. शेवटी गुरूनं परीक्षा घेतली. म्हणाला, "तक्षशिलेच्या भोवती योजनभर फिर आणि जिचा औषधाला उपयोग नाही अशी एक तरी वनस्पती घेऊन ये." जीवक फिरफिर फिरला आणि रिकाम्या हातानं परत आला. त्याला एकही वनस्पती निरुपयोगी सापडली नव्हती. गुरू म्हणाला, "तुझं शिक्षण पूर्ण झालं." या गोष्टीतली परीक्षा पाठांतराची नाही. पाहण्याची आणि पारखण्याची आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं आपल्याला लागणार आहे.

हकीम : हिकमत की हुकूम?

दुसरा शब्द हकीम. हा अरबी भाषेतला, फारशी-उर्दूच्या वाटेनं आपल्याकडे आलेला. वऱ्हाडात तो मुरला त्याला कारण आहे आपला इतिहास. अचलपूरला इमादशाहीचं राज्य होतं, मग मोगल आले. १७२४ साली आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला मोठी लढाई झाली आणि निजामाचा जम बसला. पुढं १८५३ मध्ये इंग्रजांनी वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून आपल्या हाती घेतला. इतक्या शतकांत दरबाराची भाषा फारशी होती. म्हणून आपल्या दुखण्याखुपण्याचे कितीतरी शब्द तिकडचे आहेत. दवा, इलाज, मलम, जखम, सर्दी, शिशी, सगळे तिकडचे. 'जुलाब' तर मुळात 'गुलाब', म्हणजे गुलाबपाणी! ते गोड औषधात घालत, पुढं तो शब्द पोट साफ करणाऱ्या औषधाला लागला आणि शेवटी पोट बिघडण्यालाच चिकटला.

आपण 'दवाखाना' म्हणतो तोही असाच. दवेचं घर ते दवाखाना. कोकणात आणि मुंबईकडे 'इस्पितळ' म्हणायचे, तो शब्द पोर्तुगीजांकडून आला. आपल्याकडे मात्र खाट असो की नसो, सरकारी असो की खाजगी, दवाखानाच.

तर हकीम. याचं अरबी मूळ तीन अक्षरांचं आहे, ह-क-म. त्यातून 'हिकमत' आली. हिकमत म्हणजे शहाणपण, अक्कल. मराठीत आपण म्हणतोच, "बाई मोठी हिकमती आहे." हकीम म्हणजे हिकमत असलेला, शहाणा माणूस. पण त्याच तीन अक्षरांतून दुसराही शब्द निघाला आहे. तो म्हणजे 'हुकूम'. आणि हुकूम सोडणारा तो 'हाकिम'. तुर्कस्तानात तर आजही डॉक्टरला 'हेकिम' म्हणतात आणि न्यायाधीशाला 'हाकिम'. एका मात्रेचा फरक.

आम्ही हे वाचलं तेव्हा थोडा वेळ गप्पच बसलो. कारण दवाखान्यातला आपला अनुभव या दोन शब्दांच्या मध्येच कुठं तरी असतो. एखादा डॉक्टर हिकमतीनं वागतो. तो विचारतो, ऐकतो, समजावून सांगतो. दुसरा हुकूम सोडतो. "ही चिठ्ठी घ्या, तिकडं जा, हे टेस्ट करा, इथं सही करा." आणि आपण बाया? आपल्याला लहानपणापासून हुकूम ऐकायची इतकी सवय की डॉक्टरचाही हुकूमच वाटतो. बैठकीत विचारलं, "तुम्ही डॉक्टरला काय विचारता?" तर उत्तर ठरलेलं, "त्यायले काय इचारावं बाप्पा? ते शिकलेले लोक."

शिकलेले आहेत, हे खरंच. त्यांचं नावच तसं आहे. पण त्या नावात आणखीही काही आहे.

डॉक्टर : शिकवणारा

'डॉक्टर' हा शब्द इंग्रजांबरोबर आला, पण मुळात तो इंग्रजी नाही. तो लॅटिन आहे. लॅटिन ही युरोपातली जुनी भाषा, आपल्याकडे जशी संस्कृत तशी. त्या भाषेत 'दोकेरे' म्हणजे शिकवणे. त्यावरून 'डॉक्टर' म्हणजे शिकवणारा. चक्क मास्तर! त्या शब्दात औषध नाही, सुई नाही, ऑपरेशन नाही.

मग हा मास्तर दवाखान्यात कसा पोचला? आठ-नऊशे वर्षांपूर्वी युरोपात विद्यापीठं निघाली. तिथं धर्म, कायदा आणि वैद्यक हे विषय शिकवत. शिकून जो इतका तयार झाला की आता तो दुसऱ्याला शिकवू शकतो, त्याला 'डॉक्टर' ही पदवी द्यायचे. म्हणजे कायद्याचाही डॉक्टर असायचा आणि धर्मशास्त्राचाही. म्हणूनच आजही पीएच.डी. झालेल्या मराठीच्या प्राध्यापिकेच्या नावापुढं 'डॉ.' लागतं. लोकांना मात्र रोज गरज पडायची ती वैद्यकाच्या डॉक्टरची. त्यामुळं इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या सुमारास हा शब्द बरं करणाऱ्या माणसाला चिकटू लागला. त्याआधी इंग्रज आपल्या वैद्याला 'लीच' म्हणायचे, आणि जळूलाही 'लीच'च म्हणायचे!

गंमत म्हणजे इंग्लंडात चिरफाड करणाऱ्या सर्जनला आजही बहुधा 'मिस्टर' म्हणतात, डॉक्टर म्हणत नाहीत. कारण पूर्वी सर्जन विद्यापीठात शिकत नसत, उस्तादाच्या हाताखाली शिकत. लंडनमध्ये १५४० पासून १७४५ पर्यंत न्हावी आणि सर्जन यांची एकच संघटना होती. 'सर्जन' या शब्दाचं ग्रीक मूळही 'हातानं काम करणारा' असं आहे. हाताच्या कामाला विद्येचा मान द्यायचा नाही, ही खोड फक्त आपल्याच देशात होती असं नाही.

जगात आणखीही नावं आहेत. जपानमध्ये डॉक्टरला 'सेन्सेई' म्हणून हाक मारतात, आणि शाळेतल्या गुरुजींनाही 'सेन्सेई'च म्हणतात. रशियन भाषेत डॉक्टरला 'व्राच' म्हणतात. त्याचं मूळ अभ्यासक 'बोलणे' या अर्थाच्या जुन्या शब्दाशी जोडतात. बघा, कुठं जाणणारा, कुठं शहाणा, कुठं शिकवणारा, कुठं बोलणारा. इतक्या भाषांत बरं करणाऱ्याच्या नावात ज्ञान आहे आणि ते सांगणं आहे. मुका राहून चिठ्ठी देणारा, असा अर्थ आम्हाला कुठंच सापडला नाही.

आणि हो, बचत गटातल्या आपणा सगळ्यांच्या ओळखीचा एक शब्द याच लॅटिन घरातला आहे. बँकेत गेलं की साहेब म्हणतात, "मॅडम, डॉक्युमेंट आणा." डॉक्युमेंट म्हणजे मुळात जे पाहून शिकायला मिळतं, ज्यानं गोष्ट पटते, असा पुरावा. डॉक्टर आणि डॉक्युमेंट सख्खी भावंडं आहेत. दवाखान्यातून येताना कागद मागून घ्यायची आठवण राहावी म्हणून एवढं पुरे.

आपल्या भागात इंग्रजी वैद्यक शिकलेले पहिले डॉक्टर तयार झाले ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. ते कॉलेज १८४५ साली सुरू झालं आणि १८५१ साली पहिली तुकडी बाहेर पडली. त्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. त्या तुकडीत बाई एकही नव्हती.

सुईण आणि डॉक्टरीण

मग बायांचं बाळंतपण कोण करत होतं? सुईण. 'सू' म्हणजे जन्म देणे. त्यातून प्रसूती आली, आणि सुईण हा शब्दही त्याच कुळातला. बघा, तिच्या नावात तिचं काम आहे, पण विद्या नाही. हजारो बाळं जिनं हातावर घेतली, आडवं आलेलं मूल बोटांनी ओळखलं, तिच्या जाणण्याला कुणी विद्या म्हटलं नाही. बहुतेक सुइणी ज्या जातींतून येत त्यांना गावानं दूर ठेवलेलं. बाळंतपणाला बोलवायचं, आणि काम झालं की तिचा विटाळ मानायचा. लोकांच्या घरात मूल आणणाऱ्या बाईला त्याच घराच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नव्हतं. सुइणीकडे स्वच्छतेचं नवं ज्ञान पोचलं नाही, त्यामुळं बाया आणि बाळं दगावत, हेही खरं. पण ते तिच्यापर्यंत पोचवायची तसदी फार उशिरा घेतली गेली.

आणि 'डॉक्टरीण'? पाटलाची बायको पाटलीण, मास्तरची बायको मास्तरीण, तशी डॉक्टरची बायको डॉक्टरीण. बाई स्वतः डॉक्टर होईल, असं भाषेलाही वाटलं नव्हतं. ते वाटायला लावलं आपल्या मराठी बायांनी.

आनंदीबाई जोशी यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म १८६५ चा. लग्न नवव्या वर्षी, मूल चौदाव्या वर्षी, आणि ते मूल दहा दिवसांत गेलं. वेळेवर उपचार मिळाले नाहीत. पुरुष डॉक्टरपुढं बाया दुखणं सांगायला लाजतात आणि लाजून मरतात, हे त्यांनी पाहिलं होतं. १८८३ साली त्या बोटीनं अमेरिकेला गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायांच्या विभागावर त्यांची नेमणूकही ठरली होती. पण क्षयानं त्यांना गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या पुण्यात गेल्या. वय पुरतं बावीसही नव्हतं.

दुसऱ्या रखमाबाई. त्यांचं लग्न अकराव्या वर्षी लावलेलं. मोठं झाल्यावर त्या म्हणाल्या, हे लग्न माझ्या मर्जीनं झालेलं नाही, मी नांदायला जाणार नाही. नवऱ्यानं १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. देशभर गाजलं ते प्रकरण. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली, रखमाबाई सुटल्या. मग लंडनला जाऊन त्या वैद्यक शिकल्या, १८९४ साली परत आल्या आणि सुरत, राजकोटला पुढची कितीतरी वर्षं बायांचे दवाखाने चालवले. माझ्या शरीराबद्दल मला विचारा, असं ज्या बाईनं कोर्टात सांगितलं, तीच पुढं डॉक्टर झाली. हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

त्याच काळात बायांसाठी वेगळे दवाखाने निघू लागले. अमरावतीचं 'डफरीन' आणि अकोल्याचं 'लेडी हार्डिंग' ही नावं आपल्याकडे अजून तोंडात आहेत. वाशीम १ जुलै १९९८ ला वेगळा जिल्हा झाला. त्याआधी आपण अकोल्यातच होतो, त्यामुळं इकडच्या कितीतरी जणींची बाळंतपणं 'लेडी हार्डिंग'ला झाली. ही दोन्ही नावं इंग्रज व्हाइसरॉयांच्या बायकांची. आपल्या कुठल्या सुइणीचं नाव दवाखान्याला लागल्याचं मात्र ऐकिवात नाही.

चिकित्सा : सगळ्यात आपला शब्द

आता येतो आमच्या सगळ्यात आवडत्या शब्दाकडे. चिकित्सा. सरकारी पाट्यांवर तुम्ही वाचला असेल, 'जिल्हा शल्यचिकित्सक'. शल्य म्हणजे काटा, रुतलेलं बाणाचं टोक. ते काढून इलाज करणारा तो शल्यचिकित्सक. म्हणजे चिकित्सा याचा अर्थ इलाज, उपचार.

पण घरात आपण हा शब्द कसा वापरतो? पोरगी भाजी घेताना दहा वांगी उलटूनपालटून पाहते, तर सासू म्हणते, "भारी चिकित्सक हाये बाप्पा ही." सून विचारते, "आत्याबाई, हे असंच काहून करायचं?" तर उत्तर येतं, "लय चिकित्सा करू नको." इथं चिकित्सा म्हणजे पारखणं, खोदून विचारणं, शंका काढणं.

एकाच शब्दाचे दोन अर्थ कसे झाले? संस्कृतात हा शब्द अशा रूपात बनलेला आहे की त्यात इच्छा असते. पिण्याची इच्छा ती पिपासा, जाणून घेण्याची इच्छा ती जिज्ञासा. त्याच साच्यातली ही चिकित्सा. तिचं मूळ 'चित्' किंवा 'कित्', म्हणजे लक्ष देणे, ओळखणे. नीट ओळखून घ्यायची इच्छा ती चिकित्सा. आधी ओळख, मग उपचार. पाली भाषेत इलाजाला 'तिकिच्छा' म्हणतात आणि शंकेला 'विचिकिच्छा'. तिथंही दोघी एकाच घरातल्या.

म्हणजे आपल्या पूर्वजांच्या लेखी शंका विचारणं आणि बरं करणं ही एकाच झाडाची दोन फळं होती. जीवकाची परीक्षा आठवा. पानन् पान पारखणं हेच त्याचं वैद्यक. मग डॉक्टरनं पारखलं तर ती चिकित्सा आणि बाईनं विचारलं तर आगाऊपणा, हे कुठून आलं?

'पिशवी' आणि संमती

हे सगळं आज का सांगतोय? कारण शब्द चुकला की कधी कधी अंगच गमावून बसावं लागतं.

गर्भाशयाला आपण काय म्हणतो? पिशवी. "तिची पिशवी काढली." किती सहज बोलतो आपण! पिशवी म्हणजे बाजाराची थैली, फाटली की फेकायची. लेकरं झाली, आता तिचं काय काम, असंच त्या शब्दातून वाटतं. अंगावर पांढरं जातं, पाळीला जास्त जातं, कंबर दुखते, म्हणून दवाखान्यात गेलेली बाई ऑपरेशनची तारीख घेऊन परत येते. "पुढं कॅन्सर होईल" एवढं एक वाक्य पुरतं. खरं तर अंगावरून पांढरं जाणं अनेकदा गोळ्यांनी बरं होतं. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जाण्याचं वय एकदम येतं, हाडं ठिसूळ होऊ लागतात. काही जणींना हे ऑपरेशन खरंच लागतं, आणि तेव्हा ते जीव वाचवतं. पण लागतं की नाही हे विचारल्याशिवाय कसं कळणार?

शेजारच्या मराठवाड्यात, बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायांचं प्रकरण २०१९ मध्ये उजेडात आलं. सरकारनं समिती नेमली. पाहणीत ८२ हजारांहून अधिक बायांना विचारलं, त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. खाडा पडला की पैसे कापणारा मुकादम, फडावर ना पाणी ना संडास, आणि दवाखान्यात 'पिशवी' हा शब्द. हे सगळं मिळून बाईच्या अंगावर आलं.

आता दिल्लीतलं एक प्रकरण ऐका. १९९५ साली एक बाई पाळीच्या तक्रारीसाठी दवाखान्यात गेली. दुर्बिणीतून तपासणी करायची म्हणून तिनं सही केली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची परवानगी घेतली आणि तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले. ती शुद्धीवर आली तेव्हा सगळं झालेलं होतं. तिनं दाद मागितली. तेरा वर्षांनी, १६ जानेवारी २००८ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. तपासणीला दिलेली संमती म्हणजे ऑपरेशनला दिलेली संमती नव्हे, असं कोर्ट म्हणालं. बाई सज्ञान आहे, शुद्धीवर येणार आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, तर तिच्याऐवजी आईनंही संमती द्यायची नाही. भरपाई मिळाली ती पंचवीस हजार रुपये, म्हणजे फारच थोडी. पण त्या बाईच्या चिकाटीनं देशातल्या प्रत्येक बाईला एक आधार मिळाला.

'संमती' या शब्दातही बघा. सम् म्हणजे सोबत, मती म्हणजे बुद्धी, विचार. दोघांची मती जुळली तर संमती. इंग्रजी 'कन्सेंट'चं लॅटिन मूळही 'सोबत जाणवणे' असंच आहे. एकानं सांगितलंच नाही आणि दुसरीनं अंगठा दिला, तर त्या कागदावर शाई असेल, संमती नसते.

विचारायचं काय?

त्या निकालात डॉक्टरनं काय काय सांगायला हवं तेही आलं आहे. त्यावरून आम्ही आपल्या भाषेत पाच प्रश्न केले आहेत. पाच बोटांवर मोजा.

अंगठा : मला नेमकं झालंय काय?
दुसरं बोट : तुम्ही करणार आहात ते काय आहे आणि कशासाठी?
मधलं बोट : त्यात धोका काय, पुढं त्रास काय होऊ शकतो?
चौथं बोट : याला दुसरा उपाय आहे का, गोळ्यांनी होईल का?
करंगळी : आत्ता नाही केलं तर काय होईल?

प्रश्न विचारताना हात जोडायची गरज नाही आणि भांडायचीही गरज नाही. साधं म्हणायचं, "डॉक्टरसाहेब, मला जरा समजावून सांगा." त्यांच्या पदवीचा अर्थच तो आहे. दवाखान्यात गर्दी असते, एका डॉक्टरपुढं शंभर माणसं असतात, हे आपण पाहतो. म्हणून घरूनच प्रश्न ठरवून जा. नीट सांगणारे, चित्र काढून दाखवणारे डॉक्टरही आपल्याकडे आहेत. आपण विचारलं की त्यांनाही नेमकं दुखणं कळतं, त्यांचंही काम सोपं होतं.

एकटीनं जाऊ नका. गटातली एक जण सोबत न्या, आशाताईंना सांगा. दोघींनी ऐकलं की कमी विसरतं. मोठं ऑपरेशन सांगितलं आणि तातडी नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. त्यात पहिल्याचा अपमान नाही. आणि कागद मागा. आपले उपचाराचे कागद मागितले तर ७२ तासांच्या आत द्यावेत, असा डॉक्टरांच्या वर्तणुकीचा नियम २००२ पासून आहे. ते कागद पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाशेजारी ठेवा. डॉक्युमेंट आहे ते, पुढच्या डॉक्टरला त्यातूनच शिकायला मिळेल.

सज्ञान बाईच्या उपचाराला तिची स्वतःची संमती लागते. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यातही सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्यानं लागत नाही. नवऱ्याशी, घरच्यांशी बोलावं, चांगलंच आहे. पण शरीर आपलं आहे, आणि त्यातली वेदना आपल्याइतकी कुणालाच माहीत नाही.

पुढच्या बैठकीत हिशेब झाल्यावर पंधरा मिनिटं काढा. एकीनं डॉक्टर व्हायचं, एकीनं पेशंट, आणि हे पाच प्रश्न मोठ्यानं विचारून पाहायचे. पहिल्यांदा हसू येईल, दुसऱ्यांदा जीभ सरावेल. पोरींनाही बसवा सोबत. आणि एखादी पोरगी मध्येच उठून "हे असंच काहून?" असं विचारू लागली, तर तिला गप्प करू नका. कोण जाणे, उद्याची डॉक्टर तीच असेल.

बरं तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळी पुन्हा भेटू. तोवर तब्येतीला जपा, आणि चिकित्सा करत राहा.